प्रोब कोणाच्या हातात?

अमेरिकेतल्या एखाद्या युनिव्हर्सिटीच्या 'डायग्नोस्टिक मेडिकल सोनोग्राफी' या कोर्सचा प्रवेश अर्ज कधी वाचलाय? सुट्टीच्या दिवशी वाचण्यासारखी ही गोष्ट नाही हे मान्य, पण हा अर्ज जरा वेगळा आहे. आधी विचारतात, फिजिक्स केलंय का? मग अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी केलंय का, तेही लॅबसकट? गणित किंवा स्टॅटिस्टिक्स? मग एखाद्या हॉस्पिटलात सोनोग्राफरच्या मागे उभं राहून काही तास काम पाहिल्याचा सही असलेला कागद. मग स्वतःबद्दल एक-दोन पानं लिहा. मग इंटरव्ह्यू. मग लसींचे दाखले, पोलिस रेकॉर्डची तपासणी, सीपीआरचं सर्टिफिकेट. आणि एवढं सगळं करून बॅच केवढी? पुष्कळ ठिकाणी दहा-वीस जणांची.

मी हे सगळं वाचलं ते कॉलेजच्या बॅचमधल्या एका मैत्रिणीमुळे. ती लग्नानंतर न्यू जर्सीला गेली. डिपेंडंट व्हिसावर शिकता येतं, नोकरीला मात्र वेगळी परवानगी लागते. चार वर्षं घरी काढल्यावर तिला परत कोडिंगकडे वळायचं नव्हतं, म्हणून ती या कोर्सकडे वळली. तिच्या मेलमध्ये तीन प्रश्न होते. एक, सोनोग्राफीला फिजिक्स कशाला? दोन, आपल्याकडे सोनोग्राफी डॉक्टरच करतात, मग इथे डॉक्टर नसलेल्यांना कशी करू देतात? आणि तीन (हा घरच्यांचा), "इंजिनिअर होऊन आता टेक्निशियन होणार का?"

तिन्ही प्रश्नांची उत्तरं शोधायला गेलो आणि दोन वीकेंड त्यातच गेले. कारण तो अर्ज म्हणजे एक इतिहासाचं पुस्तकच निघालं. त्यातल्या प्रत्येक रकान्यामागे एक गोष्ट आहे. आणि सगळ्या गोष्टी फिरून एकाच प्रश्नापाशी येतात: प्रोब कोणाच्या हातात द्यायचा?

रकाना पहिला: फिजिक्स

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला 'अल्ट्रासोनिक्स' नावाचं प्रकरण होतं, आठवतंय? मॅग्नेटोस्ट्रिक्शन ऑसिलेटर, पिझोइलेक्ट्रिक ऑसिलेटर, आकृती काढा आणि उपयोग लिहा. आपण आदल्या रात्री पाठ केलं, पेपरात ओकलं आणि विसरलो. सोनोग्राफीची अख्खी कुळकथा त्या प्रकरणात होती.

१८८० साली पिएर आणि झाक या क्युरी बंधूंनी दाखवलं की क्वार्ट्झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला की वीज निर्माण होते. उलटही खरं: वीज दिली की स्फटिक आकार बदलतो, म्हणजे कंप पावतो. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी जहाजं बुडवायला सुरुवात केल्यावर फ्रान्समध्ये पॉल लांजव्हँनं याच क्वार्ट्झचा उपयोग करून पाण्यात ध्वनी सोडायचा आणि प्रतिध्वनी ऐकायचा, अशी यंत्रणा उभी केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हेच तंत्र कारखान्यांत आलं. लोखंडात आतून चीर आहे का, हे तोडफोड न करता बघायचं असेल तर त्यात अल्ट्रासाउंड सोडा. चीर असेल तिथून प्रतिध्वनी लवकर येतो. अमेरिकेत मिशिगन युनिव्हर्सिटीच्या फ्लॉइड फायरस्टोननं असं यंत्र बनवलं होतं.

पाणबुडी झाली, लोखंड झालं, राहता राहिलं माणसाचं शरीर. अमेरिकन नौदलाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेत जॉर्ज लुडविग १९४० च्या दशकाच्या अखेरीस पित्ताशयातले खडे ध्वनीनं सापडतात का, ते बघत होता. त्यासाठी त्यानं शरीराच्या मऊ भागांतून ध्वनी किती वेगानं जातो ते मोजलं. सरासरी आली सेकंदाला १५४० मीटर. आजही सोनोग्राफी मशीन हाच आकडा धरून चालतं. मशीनला शरीराच्या आतलं काही 'दिसत' नसतं. ते फक्त वेळ मोजतं आणि त्या आकड्यानं गुणून अंतर काढतं.

जरा हिशोब करून बघा. एक सेंटीमीटर खोल जाऊन परत यायला ध्वनीला सुमारे १३ मायक्रोसेकंद लागतात. १५ सेंटीमीटर खोल बघायचं तर साधारण २०० मायक्रोसेकंद. म्हणजे सेकंदाला पाचेक हजार रेघा. एका चित्राला २०० रेघा धरल्या तर सेकंदाला २५ चित्रं. यापेक्षा जास्त पाहिजेत? मग खोली कमी करा किंवा रेघा कमी करा. प्रोसेसर कितीही भारी लावा, ध्वनी काही तुमच्यासाठी घाई करणार नाही. फ्रिक्वेन्सीचंही तसंच. वाढवली की चित्र बारीक दिसतं पण ध्वनी खोल जात नाही, कमी केली की खोल जातो पण चित्र जाडंभरडं येतं. आणि प्रोब आणि कातडीच्या मध्ये हवेचा पातळ थर जरी राहिला तरी जवळजवळ सगळा ध्वनी तिथूनच परत फिरतो. म्हणून तो गार गार जेल.

हे सगळे निर्णय मशीनसमोर बसलेल्या माणसानं, पेशंट समोर असताना, दर मिनिटाला घ्यायचे असतात. चित्रात दिसणारी सावली म्हणजे खडा आहे की मशीननं केलेली फसवणूक, हे फिजिक्स आल्याशिवाय कळत नाही. ऑस्ट्रियाच्या कार्ल डुसिकनं १९४० च्या दशकात कवटीतून आरपार ध्वनी सोडून मेंदूतल्या पोकळ्यांची चित्रं काढली होती. केवढी खळबळ झाली! पुढे १९५० च्या दशकात लक्षात आलं की ती चित्रं बरीचशी कवटीच्या हाडाचीच करामत होती. क्षेत्राच्या पहिल्या पानावरच हा धडा मिळालाय. म्हणून अमेरिकेत आजही सोनोग्राफरला विषयाच्या परीक्षेबरोबर फिजिक्स आणि उपकरणांची एक वेगळी परीक्षा पास व्हावीच लागते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

रकाना दुसरा: अ‍ॅनाटॉमी

आता ग्लासगोला जाऊ. १९५४ साली इयन डोनल्ड तिथे प्रसूतिशास्त्राचा प्राध्यापक म्हणून आला. युद्धात तो हवाई दलात होता, रडारबद्दल त्याला माहिती होती आणि यंत्रांचं वेड होतं. ग्लासगो म्हणजे जहाजं आणि बॉयलर बनवणारं शहर. तिथल्या कारखान्यांत लोखंडातल्या चिरा शोधायची यंत्रं होतीच. १९५५ च्या जुलैमध्ये डोनल्ड ऑपरेशन करून काढलेल्या गाठी गाडीच्या डिकीत घालून बॅबकॉक अँड विलकॉक्स या बॉयलर कंपनीच्या कारखान्यात घेऊन गेला! तुलनेसाठी तिथे मांसाचा एक मोठा तुकडा ठेवलेला होता. पाण्यानं भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे आले. लोखंडाचं यंत्र माणसाच्या गाठी ओळखत होतं.

पुढे त्याला टॉम ब्राउन भेटला. केल्विन अँड ह्यूज कंपनीतला तेवीस-चोवीस वर्षांचा इंजिनिअर. कोणीतरी प्रोफेसर लोखंडाचं यंत्र माणसांवर वापरतोय असं त्याच्या कानावर आलं, आणि या पठ्ठ्यानं टेलिफोन डिरेक्टरीतून नंबर काढून थेट डोनल्डला फोन लावला. (आपल्यापैकी किती जणांनी असा फोन लावला असता? मी तर नाही.) ब्राउननं नुसत्या रेघांऐवजी शरीराचा आडवा छेद दाखवणारं यंत्र बनवलं. ७ जून १९५८ च्या 'लॅन्सेट'मध्ये डोनल्ड, जॉन मॅकव्हिकर आणि ब्राउन यांचा पोटातल्या गाठींवरचा निबंध छापून आला. दोन डॉक्टर आणि एक इंजिनिअर.

त्यांच्या कामातली एक केस प्रसिद्ध आहे. पोटाच्या कॅन्सरमुळे आता काही करता येणार नाही असं एका बाईबद्दल ठरलं होतं. यंत्रावर दिसली ती बीजांडकोशाची भली मोठी पाण्याची गाठ. गाठ काढली, बाई वाचली. त्यानंतर डोनल्डच्या यंत्राला कोणी फारसं हसलं नाही.

वेळही जुळून आली होती. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑक्सफर्डच्या अ‍ॅलिस स्ट्युअर्टनं दाखवून दिलं की गरोदरपणात एक्स-रे काढलेल्या बायकांच्या मुलांना कॅन्सरचा धोका जास्त असतो. बाळ बघायला दुसरा सुरक्षित रस्ता हवाच होता. तो ग्लासगोत तयार होत होता.

पण चित्र कसलं होतं? काळ्यावर पांढरे ठिपके. यकृत कुठे संपतं आणि मूत्रपिंड कुठे सुरू होतं, हे बघणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून असेल तरच दिसणार. आजचं चित्र कितीतरी स्पष्ट आहे, पण मूळ गोष्ट तीच: सोनोग्राफर आधी डोक्यातलं शरीर बघतो आणि मग ते पडद्यावर शोधतो. दुसरा रकाना त्यासाठी.

मधलं प्रकरण: हात

इथे मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलेली गोष्ट येते.

टॉम ब्राउनला एक शंका होती. प्रोब हातानं फिरवायचा म्हणजे चित्र फिरवणाऱ्यावर अवलंबून. एकाच पोटाची दोघांनी दोन चित्रं काढली तर खरं कुठलं? म्हणून त्यानं चक्क स्वयंचलित स्कॅनर बनवला, जो स्वतःच प्रोब फिरवेल. इंजिनिअरचं डोकं असंच चालतं ना? माणूस हीच सिस्टिममधली कमकुवत कडी, तर माणूसच काढून टाका.

अमेरिकेत डेन्व्हरला डग्लस हाउरी आणि जोसेफ होम्स वेगळ्या वाटेनं तिथेच पोचले होते. त्यांनी बी-२९ बॉम्बर विमानाच्या तोफेची गोल घुमटी मिळवली, त्यात पाणी भरलं, पेशंटला त्यात बसवलं, आणि प्रोब पाण्यातून त्याच्याभोवती गोल फिरवला. चित्रं त्या काळाच्या मानानं अप्रतिम आली. पण आजारी माणसाला विमानाच्या घुमटीत पाण्यात बसवायचं? गरोदर बाईला? ते काही चाललं नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला डेन्व्हरच्याच इंजिनिअरांनी सांधे असलेल्या धातूच्या दांडीला प्रोब बसवला. पेशंट पलंगावर आडवा, आणि ऑपरेटर तो प्रोब पोटावरून फिरवणार. ग्लासगोतलं जे यंत्र पुढे विक्रीला आलं तेही हातानं फिरवायचंच होतं.

थोडक्यात, यंत्रानं माणसाचा हात वगळायचा प्रयत्न केला आणि हात जिंकला. कारण प्रत्येकाचं पोट वेगळं. कुठे आतड्यातली हवा आड येते, कुठे बाळ पाठ फिरवून बसतं. हात ते क्षणात ओळखतो आणि वाट काढतो. त्या जुन्या यंत्रांवर एकेक चित्र प्रोब थोडा थोडा झुलवत अक्षरशः काढावं लागायचं. चांगला हात असेल तर चित्र, नाहीतर नुसता गिचमिडा.

मग हा हात कोणाचा? डॉक्टर तासन्‌तास तिथे बसणार नाहीत. म्हणून एक्स-रे विभागातले लोक, नर्सेस, प्रयोगशाळेतले मदतनीस, जो हाताशी असेल तो यंत्रावर बसला आणि करता करता शिकला. ना कोर्स, ना पुस्तक, ना परीक्षा. पदाला धड नावसुद्धा नाही.

टेक्निशियन की आणखी काही?

१९७० मध्ये या लोकांनी अमेरिकेत स्वतःची संघटना काढली. त्यात पुढाकार होता सिअ‍ॅटलच्या जोन बेकर यांचा, आणि त्याच पहिल्या अध्यक्षा झाल्या. सुरुवातीला हे लोक स्वतःला अल्ट्रासाउंडचे 'टेक्निकल स्पेशालिस्ट' म्हणवत. पुढे 'सोनोग्राफर' हे नाव रुजलं आणि संघटनेचंही नाव बदलून 'सोसायटी ऑफ डायग्नोस्टिक मेडिकल सोनोग्राफी' झालं.

हक्क मागण्यासाठी संघटना काढणं नवीन नाही. पण या लोकांनी मागितली परीक्षा! आमची परीक्षा घ्या, नापास होईल त्याला सर्टिफिकेट देऊ नका. १९७५ मध्ये त्यासाठी 'अमेरिकन रजिस्ट्री फॉर डायग्नोस्टिक मेडिकल सोनोग्राफी' ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. दशक संपता संपता कोर्स कसा असावा याचे नियम आणि कॉलेजं तपासायची व्यवस्थाही आली. सरकारी लायसन्स अमेरिकेतल्या मोजक्याच राज्यांत लागतं, बाकी ठिकाणी हॉस्पिटलं आणि विमा कंपन्या हे सर्टिफिकेट बघतात. म्हणजे विश्वास कायद्यानं दिला नाही. परीक्षा देऊन, पेशंटमागून पेशंट तपासून, तो मिळवला गेला.

तर घरच्यांच्या 'टेक्निशियन'वाल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. एक्स-रेमध्ये फिल्म निघते आणि डॉक्टर ती नंतर निवांत बघू शकतात. सोनोग्राफीत सोनोग्राफरनं जे पकडलं तेच पुढे जातं. जिथे प्रोब गेला नाही तिथली गाठ डॉक्टरच्या पडद्यावर येणारच नाही. अमेरिकेत रिपोर्टवर सही रेडिओलॉजिस्टची असते, पण काय बघायचं, कुठे थांबायचं, कुठे पुन्हा एकदा जाऊन खात्री करायची हे सोनोग्राफर ठरवतो. ब्रिटनमध्ये तर सोनोग्राफर रिपोर्टही स्वतःच लिहितात.

पैशाचं म्हणाल तर अमेरिकेच्या श्रम खात्याच्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये सोनोग्राफरचं मध्यम वार्षिक वेतन ८० हजार डॉलरच्या वर होतं. पण फुकट काही नाही. हात वाकडा करून, खांदा उचलून, प्रोब दाबून धरत दिवस काढायचा. पाहणी करावी तर बहुसंख्य सोनोग्राफर खांदा-मान-मनगटाच्या दुखण्यासकट काम करताना सापडतात. जोन बेकर यांनी उत्तरायुष्यात याच दुखण्यावर काम केलं. आपल्या मानेचं आणि लॅपटॉपचं जे नातं, तेच यांच्या खांद्याचं आणि प्रोबचं. :)

आणि आपल्याकडे?

आता मैत्रिणीचा दुसरा प्रश्न. आपल्याकडे सोनोग्राफी डॉक्टरच का करतात?

सोपं उत्तर: गरोदर बाईची सोनोग्राफी कोणी करायची हे आपल्याकडे कायद्यात लिहिलंय. नोंदणीकृत डॉक्टर हवा, त्यातही ठराविक पदव्युत्तर शिक्षण किंवा नेमून दिलेलं प्रशिक्षण हवं. मशीनची नोंदणी, सेंटरची नोंदणी, प्रत्येक गरोदर बाईमागे 'फॉर्म एफ'. आणि भिंतीवर ती पाटी, जी आपण इतक्यांदा बघितलीय की आता दिसतही नाही: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.

हा कायदा मुळात आपल्या महाराष्ट्रातून आलाय. १९८० च्या दशकात मुंबईत गर्भजल परीक्षा करून मुलगी असेल तर गर्भपात, हा प्रकार उघड चालला होता. त्याविरुद्ध स्त्री संघटना, काही डॉक्टर आणि कार्यकर्ते एकत्र आले आणि १९८८ मध्ये महाराष्ट्रानं गर्भलिंग निदानावर बंदी आणणारा देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा झाला १९९४ मध्ये आणि लागू झाला १ जानेवारी १९९६ पासून. तोपर्यंत सुईनं गर्भजल काढायची गरज संपत आली होती. सोनोग्राफी स्वस्त झाली आणि तालुक्याच्या गावापर्यंत पोचली होती.

आकडे बघा. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली किती? महाराष्ट्रात १९९१ मध्ये ९४६. २००१ मध्ये ९१३. २०११ मध्ये ८९४. कायदा असताना! २००० मध्ये मुंबईची 'सेहत', पुण्याची 'मासूम' आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, की कायदा कागदावरच आहे, तो राबवायला लावा. त्यानंतर २००३ मध्ये कायदा कडक झाला.

२०१० च्या सुमारास कोल्हापूरला जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात मशीनला 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचा डबा जोडला गेला. मशीनवर काय काय तपासलं गेलं त्याची नोंद ठेवणारा. आपल्या भाषेत लॉगिंग. डॉक्टरांनी पेशंटच्या खासगीपणाचा मुद्दा काढून त्याला विरोध केला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २०११ मध्ये न्यायालयानं तो डबा ग्राह्य धरला.

गंमत बघा. टॉम ब्राउनला हाताची भीती वाटली ती चित्र चुकेल म्हणून. आपल्याला हाताची भीती वाटली ती चित्र बरोबर येईल म्हणून. अमेरिकेत हातावर विश्वास बसावा म्हणून परीक्षा आली, आपल्याकडे हातावरचा विश्वास उडाला म्हणून कायदा आला.

याची किंमत कोणी मोजली? प्रामाणिक डॉक्टर म्हणतात, फॉर्ममध्ये एक रकाना चुकला तरी मशीनला सील लागतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं की नोंदी नीट न ठेवणं ही किरकोळ कारकुनी चूक नाही, कारण तो कागद हाच तर पुरावा. दोन्ही बाजू समजतात. पण किंमत सगळ्यात जास्त मोजते ती आडगावची बाई, जिला एका साध्या तपासणीसाठी एसटीनं तालुक्याला किंवा जिल्ह्याला जावं लागतं, कारण प्रोब धरण्याची परवानगी असलेला माणूस तिथेच आहे. प्रशिक्षित नर्सच्या हातात प्रोब दिला तर किती बायकांचं भलं होईल! आणि त्याच वाक्याला लागून दुसरं वाक्य येतं: पण आकडे बघितलेत ना?

परदेशात गेलं की हा प्रश्न मागे राहतो असंही नाही. २००८ मध्ये डग्लस आमंड आणि लेना एडलंड या अर्थशास्त्रज्ञांनी २००० सालच्या अमेरिकन जनगणनेचा अभ्यास छापला. चिनी, कोरियन आणि भारतीय घरांत पहिल्या दोन मुली असतील तर तिसऱ्या अपत्यात मुलग्यांचं प्रमाण मुलींच्या दीडपट निघालं. सुशिक्षित, नोकरदार माणसं, आणि तिथे तर भिंतीवर पाटीही नाही. तिथे पाचव्या महिन्याच्या तपासणीत सोनोग्राफर हसून विचारते, "जाणून घ्यायचंय का?" हा प्रश्न विचारणारा हात उद्या एखाद्या मराठी मुलीचा असेल, आणि समोर दोन मुलींची मराठी आई झोपलेली असेल, तर? त्या खोलीत कायदा नसतो. दोघींनाही घरचं सगळं माहीत असतं, एवढंच.

उरलेले रकाने

आता परत अर्जाकडे. हॉस्पिटलात मागे उभं राहून काम बघायला का लावतात? कारण बाळाचं हृदय धडधडताना दाखवणं हा या कामाचा फोटोत येणारा भाग. न येणारा भाग म्हणजे, धडधड दिसत नाही हे सोनोग्राफरला सगळ्यांच्या आधी कळतं, आणि तिला तेव्हा ते बोलायचा अधिकार नसतो. चेहरा न हलवता मापं पूर्ण करायची आणि म्हणायचं, डॉक्टर येऊन बोलतील. हे आपल्याला जमेल का, हे फी भरायच्या आधी बघून घ्या, असं तो रकाना सांगतो. इंटरव्ह्यूही त्यासाठीच. आणि बॅच छोटी, कारण हे पन्नास जणांच्या वर्गात शिकवता येत नाही. एक मशीन, एक शिकवणारा, एक शिकणारा, आणि पलंगावर एक खरा माणूस.

तुमच्या ओळखीत कोणी अर्ज करणार असेल तर चार गोष्टी सांगा:

१. कोर्सला मान्यता आहे का, हे सगळ्यात आधी बघा. मान्यताप्राप्त कोर्स केला तर रजिस्ट्रीच्या परीक्षेला थेट बसता येतं. नाहीतर फी भरून लांबचा वळसा पडतो. आपल्याला माहीत असलेली रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसुद्धा यात बॅचलर्सची पदवी देते. पदवी आधीच असेल तर काही ठिकाणी वर्ष-दोन वर्षांचे सर्टिफिकेट कोर्सही असतात.

२. भारतातल्या मार्कशीटचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं. आणि पुष्कळ ठिकाणी विषय गेल्या काही वर्षांतले लागतात, त्यामुळे आपलं पहिल्या वर्षाचं फिजिक्स धरतील याची खात्री नाही. कम्युनिटी कॉलेजात ते पुन्हा करता येतं.

३. व्हिसाबद्दल ऐकीव माहितीवर जाऊ नका. शिकायची परवानगी आणि काम करायची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉलेजच्या ऑफिसात विचारा.

४. स्वतःबद्दल लिहायच्या पानांवर "मला टेक्नॉलॉजीची आवड आहे आणि लोकांना मदत करायला आवडतं" असं लिहू नका. सगळे तेच लिहितात. त्याऐवजी आपण अशा ठिकाणाहून आलोय हे लिहा, जिथे याच यंत्रासाठी कायदा करावा लागला. प्रोब कोणाच्या हातात द्यावा या प्रश्नाचं वजन आपल्याला जितकं माहीत आहे, तितकं त्या वर्गातल्या फार थोड्यांना माहीत असेल.

टॉम ब्राउनचा स्वयंचलित स्कॅनर आता नव्या रूपात परत येतोय. प्रोब कुठे न्यायचा ते सांगणारं, मापं आपोआप घेणारं सॉफ्टवेअर बाजारात आलंय, आणि ते लिहिणारे आपल्यासारखेच लोक आहेत. पुढच्या स्टँडअपमध्ये कोणी "ऑपरेटर डिपेंडन्सी काढून टाकू" असं म्हणालं, तर त्याला एकदा हा इतिहास सांगून बघा. हात काढता येईलही कदाचित. तो हात ज्याची जबाबदारी घेत होता ती मग कोणाच्या नावावर टाकायची, ते मात्र आधी ठरवावं लागेल.